उरलेलं कापड गिऱ्हाइकाचं

मास्तरांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, त्या दिवसापासून घरातली सगळी माणसं खोटं बोलायला लागली.

तसं खोटं बोलणं हा या घराचा स्वभाव नव्हता. भांडणं होती, अबोले होते. दुकान विकायचं की नाही या वादात तर दोघे भाऊ तीन आठवडे एकमेकांशी धाकट्याच्या मुलीमार्फत, म्हणजे चिमणीमार्फत बोलत होते, आणि चिमणी तेव्हा दीड वर्षांची होती. पण खोटं नव्हतं. आता मात्र पन्नास वर्षं शिवणाच्या मशीनवर बसलेल्या माणसाला 'तुमची बाही चुकली' हे सांगणार कोण? थोरल्या मुलाने कोट गुपचूप उसवला, उजवी बाही नव्याने बेतून लावली आणि 'गिऱ्हाईक खूश होऊन गेलं' असं वडिलांना सांगितलं. गिऱ्हाईक खूश होतं, एवढं खरं होतं.

पुढे डॉक्टरांनी निदान केलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. मास्तर घरी आले, थोरल्या सुनेकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "थोरलीचे कान दिसतात, नाक दिसत नाही. म्हणजे रागावली आहे की नाही ते कळायचा मार्ग बंद झाला."

"कानांवरून कळेल," थोरली म्हणाली. "लाल झालेत."

आणि त्या डॉक्टरांच्याच इस्पितळामागे, अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत, या घरची धाकटी सून नोकरीला होती. काम पेशी वाढवण्याचं. झाकणाच्या बशांमध्ये पेशी वाढायच्या, रोज त्यांच्यावरचं जुनं पाणी काढून नवं घालावं लागायचं, आणि पेशींना रविवार कळत नसल्यामुळे धाकटीलाही तो कधी नीट मिळाला नव्हता. रविवारी चार वाजले की ती चपला घालायची आणि मागून थोरलीचं वाक्य ठरलेलं असायचं. "घरचे चहाला ताटकळले तरी चालतील, हिच्या पेशी उपाशी राहता कामा नयेत."

याच पेशींपासून डोळ्याच्या पडद्याच्या पेशी तयार करून त्या बारा रुग्णांच्या एकेका डोळ्यात बसवायच्या, अशी चाचणी सुरू होणार होती. रुग्ण निवडायच्या कामातून प्रयोगशाळेच्या साहेबांनी धाकटीला आधीच बाजूला काढलं होतं. तरीही, किंवा त्यामुळेच म्हणा, आठवं नाव मास्तरांचं निघालं. सोमवारी सकाळी दहाला सही करायची. त्याआधी माहितीची पुस्तिका घरच्यांनी त्यांना वाचून दाखवायची, काही शंका निघाल्या तर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायच्या. गुरुवारी संध्याकाळी धाकटीने ती वाचून दाखवली. सोळा पानं होती. सातवं पान तिने सहाव्याबरोबर अलगद उलटलं आणि पुढे वाचत राहिली.

मास्तर ऐकत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "सोळा पानं आहेत म्हणालीस. मी पंधराच उलटलेली ऐकली."

धाकटीने पुस्तिका मिटली.

"रविवारी टेबलाशी बसू," मास्तर म्हणाले आणि उठून गेले.

तिने ते पान का गाळलं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पेशी कुठून येतात ते सातव्या पानावर होतं. ते एकदा उच्चारलं की घरातलं कुणी ना कुणी विचारणार, 'आणि तुमचे?' कारण चिमणी झाली ती याच वाटेने. बाहेर बशीत चार भ्रूण तयार झाले होते, चारही गोठवून ठेवले होते, त्यांतला एक काढून तिच्या पोटात ठेवला तो चिमणी झाला. तीन राहिले. चिमणीच्या बाळंतपणात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा हा जुगार नको. म्हणून राहिलेल्या तिघांचं काय करायचं, असं विचारणारं पत्र चार महिन्यांपूर्वी दवाखान्यातून आलं. खाली चार चौकोन होते. ठेवा. टाकून द्या. दुसऱ्या जोडप्याला द्या. संशोधनाला द्या. एकावर खूण करायची. खाली नवऱ्याची सही, बायकोची सही आणि एक साक्षीदार, नवरा सोडून कुणीही. मुदत मंगळवारची.

धाकट्याने त्याच दिवशी सही करून टाकली होती. "तू खूण करशील तिथे माझी सही आहेच," तो म्हणाला. धाकटीला कुठे खूण करायची तेही ठरलेलं होतं. रोज सकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी शिल्लक राहिलेल्याला ती खायला घालत होती, तिला वेगळं काय सुचणार? पण पेन उचललं की थोरली डोळ्यांपुढे यायची. या घरात सासू नव्हती. थोरलीच सासू, थोरलीच बहीण. उपचारांच्या दिवसांत पोटात रोज संध्याकाळी सात वाजता घ्यायची इंजेक्शनं थोरलीने दिली होती, कारण शिंप्याच्या घरात जन्मूनही धाकट्याला सुई बघितली की घेरी यायची. त्या बाईचं आपल्याबद्दलचं मन फिरलं तर? चार महिने पत्र बटणांच्या डब्याखाली पडून होतं ते एवढ्यासाठी.

रविवारी जेवणं उरकल्यावर सगळे मागच्या खोलीत जमले. तिथलं कापायचं टेबल नऊ फुटी, खडूच्या रेघांनी पांढुरकं झालेलं. घरातले मोठे निकाल तिथेच लागायचे, कारण मास्तरांच्या मते जेवणाच्या टेबलाशी माणसाचं लक्ष ताटात असतं. दुकान विकायचं नाही हे इथेच ठरलं. नियम एकच. मोजायची टेप ज्याच्या गळ्यात, त्यानेच बोलायचं. मास्तरांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, तेवढी या नियमातून सुटली होती. चाळीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका होती ती, आणि आता कमी ऐकू येतं या सबबीवर केव्हाही बोलायची. चिमणी टेबलाखाली लोहचुंबक घेऊन टाचण्या गोळा करत होती.

मास्तरांनी स्वतःच्या गळ्यातली टेप काढली आणि चाचपत धाकटीच्या गळ्यात घातली. "सातवं पान," ते म्हणाले.

धाकटीने वाचलं. "'या उपचारातल्या पेशी एका मानवी भ्रूणापासून मिळवलेल्या आहेत. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या एका जोडप्याकडे हा भ्रूण शिल्लक राहिला होता. तो त्यांनी लेखी संमतीने संशोधनासाठी दिला. पेशी काढताना भ्रूण नष्ट होतो.'"

"काय होतो?" आत्याने कानाशी हात नेला. "मोठ्याने वाच."

"नष्ट होतो, आत्या!"

एवढ्या मोठ्याने ते वाक्य आपल्याला म्हणावं लागेल असं धाकटीला वाटलं नव्हतं. टेबलाखाली टाचण्या चुंबकाला टकटक चिकटत होत्या.

"म्हणजे कुणाचं तरी बाळ," थोरली म्हणाली.

"टेप," थोरला पुटपुटला.

"घाला ती टेप चुलीत!" पण धाकटीने टेप काढून तिच्यापुढे केली तेव्हा तिने ती गळ्यात घातली. नियम म्हणजे नियम. "मला शिकलेल्या माणसासारखं बोलता येत नाही. पण मला सांग, ते वाढलं असतं तर बाळच झालं असतं ना? मांजर झालं असतं का?"

"बाळ झालं असतं," धाकटी म्हणाली. "पोटात ठेवलं असतं आणि रुजलं असतं तर. पाच दिवसांचा असतो तो, ताई. शे-दीडशे पेशींचा गोळा. सुईच्या टोकावर बसेल एवढा. त्याला मेंदू नसतो, काळीज नसतं, दुखणं नसतं. पण बाळ झालं असतं का म्हणाल तर, हो. मी नाही म्हणणार नाही."

"बघा." थोरलीने टेबलावर हात आपटला. जिंकल्याचा आनंद मात्र तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

"आणि प्रत्येक पेशंटमागे एकेक लागतो?" थोरल्याने विचारलं. टेप नव्हती, पण त्याला कुणी टोकलं नाही. तो वर्षातून दोनदाच वादात पडायचा.

"नाही दादा. एकच. तोही पुष्कळ वर्षांपूर्वीचा. त्याच्या पेशी तेव्हापासून वाढतायत, वाढतायत, त्यांनाच मी खायला घालते."

"म्हणजे मी दर रविवारी त्यांनाच..." थोरली म्हणाली.

"पोरी, तू हे पान गाळलंस का?" मास्तरांनी विचारलं.

"चुकलं माझं."

"चुकलंच. पण तू एकटी नाहीस." मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवरचा राखाडी कोट ओढून टेबलावर पसरला. गेल्या आठवड्यात त्यांनी शिवलेला कोट. "या काजावर बोट फिरव. दोरा संपवून गाठ मारायची माझी पद्धत आहे, दोन वेढे आणि आत. इथे एक गाठ तीन वेढ्यांची. ती थोरल्याची, लहानपणापासून त्याचा एक वेढा जास्त. शेजारी ही चपटी, ती थोरलीची. आणि या बाजूला गाठच नाही, दोरा नुसता दाताने तोडलाय. हा माझा फ्रीज दुरुस्त करणारा मुलगा."

धाकट्याने मान खाली घातली. "मला वाटलं मी एकटाच करतोय."

"मला वाटलं मी एकटी करतेय," थोरली म्हणाली.

"मलाही," थोरला म्हणाला.

"एका काजाला चौघांचे टाके!" मास्तर हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "बटण जायला जागा ठेवली नाहीत रे! गिऱ्हाईक म्हणेल, कोट शिवलाय की तटबंदी केलीय?"

सगळे हसले. आत्याला काही ऐकू आलं नव्हतं, तरी ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. धाकटीलाही हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं, कारण मास्तरांच्या कोटाचे बरेच टाके आता त्यांचे राहिले नव्हते आणि ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

"तुम्ही उसवलंत त्याचा मला राग नाही," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "मला विचारलं नाहीत. पान गाळलं, तेही तेच. आता टेप इकडे द्या, मला एक चोरी कबूल करायचीय."

टेप त्यांच्याकडे गेली.

"या दुकानाचा नियम काय?"

"उरलेलं कापड गिऱ्हाइकाचं," दोघे मुलगे एका सुरात म्हणाले. हे वाक्य ते दूध पिण्याआधी शिकले होते. शिवून झालेल्या कपड्याला उरलेला तुकडा टाचून परत द्यायचा. गिऱ्हाईक म्हणालं 'ठेवा, कुणाच्या उपयोगी पडेल', तरच तो दाराशेजारच्या, दिलेल्या तुकड्यांच्या पेटीत जायचा. त्या पेटीतून गल्लीतल्या पोरांचे कपडे व्हायचे, आत्याच्या प्रसूतिगृहात दुपटी जायची.

"हा नियम कसा आला, ते कुणाला सांगितलं नाही. थोरला पाच वर्षांचा होता. थंडी कडाक्याची. एका मुख्याध्यापिकाबाईंचा निळा लोकरी कोट शिवला आणि अरुंद, पण लांबलचक कापड उरलं. मी ते ठेवून घेतलं. न विचारता. थोरल्याला कोट शिवला."

"निळा?" थोरला ताठ बसला. "तो निळा?"

"तोच. तू तो घालून शाळेत गेलास. आणि शाळा कुणाची? त्याच बाईंची."

"अरे देवा," धाकटा म्हणाला.

"बाईंनी तुला जवळ बोलावलं, कॉलर नीट केली आणि काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शिपायाच्या हाती एक पुडी आली. आत त्यांच्या कोटाची दोन जास्तीची बटणं. बरोबर चिठ्ठी: 'ही माझ्याकडे उरली होती. मुलाच्या कोटाला शोभतील.'"



"म्हणजे मी चोरीचा कोट घालून चोरी झालेल्या माणसाच्याच हाताखाली शिकलो," थोरला म्हणाला. "आणि वर्गात शिस्तीचं बक्षीस मिळवलं."

"मागितलं असतं तर बाईंनी दिलं असतं," मास्तर म्हणाले. "तेच कापड, तोच कोट, तीच थंडी. विचारलं असतं तर देणं झालं असतं. न विचारता घेतलं म्हणून चोरी झाली. म्हणून पोरी, मला एवढंच सांग. हा भ्रूण ज्यांचा होता, त्यांना विचारलं होतं? घाईत, की सावकाश? नाही म्हणायचं त्यांच्या हातात होतं?"

"दोन वेळा विचारतात. मध्ये दिवस जाऊ देतात. सही केल्यावरही, काम सुरू होईपर्यंत कागद परत मागता येतो. नावं मात्र कुणालाच सांगत नाहीत."

"नाव नकोच. बाईंचंही मी कुठे सांगितलं?"

"मास्तर," थोरलीने टेपसाठी हात पुढे केला. तिचा आवाज मऊ होता, म्हणूनच सगळे सावध झाले. "तुमचं खरं आहे. पण कापड ते कापड. ते बाईंचं होतं, बाईंना विचारलं, संपलं. इथे बाईंना विचारलं, बाईंच्या नवऱ्याला विचारलं. त्या इवल्याशाला कोणी विचारलं?"

मास्तरांनी टेप तिच्या हातात दिली आणि आत्याकडे तोंड केलं.

"मी सांगते," आत्या म्हणाली. तिला हे बरोबर ऐकू आलं होतं. "चाळीस वर्षं मी बाळं हातात घेतली. पण कितीतरी जीव धरतात आणि आईला पत्ता लागायच्या आत सुटतात. त्या सगळ्यांचं सुतक धरलं असतं तर बायकांना आयुष्यात दुसरं काम उरलं नसतं. तसं कुणी धरत नाही. म्हणजे पाच दिवसांचं आणि नऊ महिन्यांचं आपण सारखं धरत नाहीच. पण..." तिने बोट वर केलं, "माझ्या हातून काहीही गेलं, बोटाएवढं असलं, तरी त्याला मी केराच्या बादलीत टाकू दिलं नाही. कापडात गुंडाळायला लावायचे. डॉक्टर हसायचे. हसू देत."

"मग तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" धाकट्याने ओरडून विचारलं.

"मी माझ्या बाजूची."

"पण वहिनी," धाकटा आता रंगात आला, "विचार करा ना. ते काही कुणी पाळण्यातून उचलून आणत नाही. टाकीत असतात, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. माझं फ्रीजचं काम त्यापुढे उन्हाळा. तिथे नाही ठेवले तर टाकूनच द्यायचे असतात. आमचे तिघंसुद्धा मंगळवारी..."

तो थांबला. पण सुटलेला शब्द काही माघारी घेता येत नाही. धाकटीने डोळे मिटले.

"तिघं?" थोरली म्हणाली. "अजून आहेत?"

"आहेत, ताई," धाकटी म्हणाली. "चार महिने झाले पत्राला. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"मी पण फ्रीजमध्ये होते?" टेबलाखालून आवाज आला.

"होतीस," धाकटा म्हणाला. "म्हणून तुला थंडी वाजत नाही."

थोरली उठली. गळ्यातली टेप तशीच ठेवून ती खोलीबाहेर गेली. जिन्यावर तिची पावलं वाजली, वरच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. कुणी कुणाकडे बघेना. 'झालं,' धाकटीच्या मनात आलं. 'ज्याला भीत होते तेच झालं.'

थोरली परत आली तेव्हा तिच्या हातात कागदाची पुडी होती. तिने ती टेबलावर सोडली. आत तीन टोपडी होती. पिवळं, हिरवं, पांढऱ्यावर निळे ठिपके असलेलं. दिलेल्यांच्या पेटीतल्या तुकड्यांची.

"डॉक्टर म्हणाले चार चांगले झालेत, त्या दिवशी चार शिवली," थोरली म्हणाली. "लाल होतं ते हिने घातलं." तिने टेबलाखाली बोट दाखवलं. "ही तीन उरली. दवाखान्यात तिघांचं काय झालं ते मी चार वर्षांत विचारलं नाही. वाटलं, टाकले म्हणालीस तर काय करू? न विचारलेलं बरं. इंजेक्शनं मी दिली गं त्यांना. तुझ्या पोटात टोचली, पण दिली त्यांनाच."

धाकटीने पिवळं टोपडं उचललं. गाठ चपटी होती. आता तिला रडू आवरेना आणि तिने ते आवरलंही नाही. "तुम्ही काय म्हणाल याचीच भीती होती, ताई. दुसरी कशाचीही नाही. मला ते प्रयोगशाळेला द्यायचेत. दुसऱ्या जोडप्याला द्यायचं म्हणून पाहिलं मनाशी. पण रस्त्यात चिमणीच्या नाकाची मुलगी दिसली तर मी तिच्या मागे मागे जाईन, घरी यायची नाही. आणि टाकवत नाही. टाकायचं म्हटलं की आत्यांची बादली आठवते. माझ्या हाताखालून रोज कुणाचं तरी उरलेलं जातं. ज्या बाईचं ते होतं तिने द्यायचं आणि मी मात्र पत्र डब्याखाली ठेवायचं?"

"हेच मी विचारणार होतो," थोरला हळूच म्हणाला. वर्षातली दुसरी खेप त्याने इथे खर्ची घातली. "दुसऱ्याचं घ्यायचं आणि आपलं उचलून ठेवायचं, हे बरं दिसतं का. पण तू आधीच विचारलंस स्वतःला."

"थांबा," मास्तर म्हणाले. टेप नव्हती, तरी सगळे थांबले. "ही अदलाबदल नाही. मी उद्या सही करणार आहे. विचारून दिलेलं आहे, मी मान खाली घालून घेईन. उपयोग होईल न होईल. ट्रायल म्हणजे ट्रायलच, आपण नाही का कच्च्या टाक्यांवर कोट चढवून बघत? पण पोरी, माझा डोळा मध्ये आणू नकोस. मी घेतोय म्हणून तू देऊ नकोस. तुझं आहे. देशील, ठेवशील, टाकशील. तुला कुणी हिशेब मागणार नाही."

"तुमच्या डोळ्यासाठी नाही, मास्तर," धाकटी म्हणाली. "तुमचा डोळा तर दुसऱ्याच बाईच्या देण्यावर आहे. हे पुढच्या कुणासाठी. नाव माहीत नसलेल्या."

ती उठली. दुकानात जाऊन बटणांच्या डब्याखालचं पत्र घेऊन आली. टेबलावर ठेवून तिने चौथ्या चौकोनात खूण केली आणि सही केली. सहीतली शेवटची रेघ लांब गेली. खाली साक्षीदाराची ओळ कोरी होती.

थोरल्याने पेनाकडे हात नेला. थोरलीने त्याच्या हातावर चापट मारली.

"सरका."

"तुम्हाला पटलं, ताई?" धाकटीने विचारलं.

"मुळीच नाही पटलं. उद्याही पटणार नाही." थोरलीने चष्मा लावला आणि कागद जवळ ओढला. "पण साक्षीदाराने काय लिहायचं असतं? हिने माझ्यादेखत सही केली, कुणी जबरदस्ती केली नाही, एवढंच ना? मग ते खरं आहे. खऱ्यावर सही करायला माझं काय जातं? आणि तुझ्या तिघांना निरोप द्यायला माझ्याशिवाय कोण लागून गेलंय दुसरं?"

तिने सावकाश, अक्षर अक्षर लावत नाव लिहिलं. लिहून झाल्यावर पिवळं आणि हिरवं टोपडं आत्यापुढे ठेवलं. "पेटीत टाका. तुमच्या प्रसूतिगृहात जाऊ देत." निळ्या ठिपक्यांचं तिने घडी घालून कमरेला खोचलं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

"थोरले," मास्तर म्हणाले, "तुझे कान लाल नाहीत."

"नाकाची वाट बघा," थोरली म्हणाली आणि पदराने तेच नाक पुसलं. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. धाकटी अजून कागदाची घडी घालत बसली होती.

"अगं, बसलीयेस काय?" थोरलीने तिच्या चपला पायाने पुढे सरकवल्या. "ऊठ, जा लवकर. उपाशी असतील ती."